धुरी भाऊसाहेबांचा डावा हात

दत्तप्रसाद धुरी ओढ्यावरच्या साकवाच्या कठड्यावर बसून गावच्या नळयोजनेचा पाइप मुळात कुठून न्यायला हवा होता हे समजावून देत होते, आणि पाइप नेमका वळणावर आला असताना त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मेलं. वेळ संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. ही वेळसुद्धा त्यांना शेजारी बसलेल्या लवूच्या जुन्या चावीच्या घड्याळात बघावी लागली, हा अपमान वेगळा.

घड्याळ मरण्याची ही दुसरी खेप होती, आणि तिसरी खेप झाली तर भाऊसाहेबांना गाव सोडून ठाण्याला जायचं होतं. तसा करारच होता. भर पावसाळ्यात ते सुपारीच्या बागेत शेवाळावरून घसरले, पाय मुरगळला आणि दीड तास पाटाच्या कडेला पडून राहिले. फोन घरात ओट्यावर, आणि तसल्या पावसात बागेकडे फिरकणार कोण. पुढे काही झालं नाही, पण ठाण्याला नोकरीनिमित्त एकटी राहणारी त्यांची लेक सृष्टी हे ऐकून आई-बाबा दोघांनाही कायमचं न्यायला निघाली. हो-ना करता करता तडजोड झाली. तिने एक स्मार्टवॉच आणून वडिलांच्या डाव्या हाताला बांधलं. ते त्यांच्या छातीचे ठोके, पावलं, झोप आणि ठावठिकाणा तिच्या फोनवर कळवत राहणार. घड्याळ तीनदा बंद सापडलं तर सामान बांधायचं. "तीनदा म्हणजे तीनदा, बाबा. सबब चालणार नाही," ती म्हणाली. तालुक्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं हेच वाक्य त्यांनी लोकांना ऐकवलं होतं, त्यामुळे त्यावर उत्तर नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ठाण्याचा त्यांना राग नव्हता, धसका होता. गेल्या वर्षी पंधरा दिवस ते अकराव्या मजल्यावर राहून आले होते. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस वरच्या आकड्यांकडे बघत उभा. खाली उतरून फाटकापर्यंत गेलं तरी 'खंय चललात?' म्हणून विचारणारा एक जण नाही. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच वॉचमनला थांबवून आपण कुठे चाललो आहोत ते सविस्तर सांगितलं, तर त्याने वहीत सही करायला लावली. सोळाव्या दिवशी गावच्या फाट्यावर एसटीतून उतरल्या उतरल्या तीन जणांनी एकदम 'कधी इलात?' विचारलं तेव्हा भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते धुळीवर ढकललं. साडेचार ते सात साकवावर बसल्याशिवाय आपला दिवस झाला असं त्यांना वाटत नसे, आणि नेमकी हीच अडीच तासांची बॅटरी कमी पडत होती.

हिशेब सोपा होता. रात्री झोप मोजायची म्हणून घड्याळ काढता येत नाही. सकाळी आंघोळ-पूजा होईपर्यंत तासभर चार्जिंग. नऊला हाताला बांधलं की शंभर टक्के, जेवणाच्या पानावर पन्नास, आणि साकवाकडे निघायच्या वेळेला लाल रेघ. संध्याकाळी घरी बसून पुन्हा चार्ज करावं, तर मग ठाणं काय वाईट होतं? खोक्यावर तर ठळक अक्षरात 'सात दिवस' छापलेलं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'सर्वसाधारण वापरात'. भाऊसाहेबांनी भिंग घेऊन ते वाचलं. सर्वसाधारण वापर म्हणजे काय याची व्याख्या कुठेही दिलेली नव्हती. व्याख्येशिवाय काढलेल्या परिपत्रकाचं पुढे काय होतं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. त्यांनी एक नवी फाईल उघडली, तिच्यावर 'विषय : घड्याळाची बॅटरी टिकणेबाबत' असं लिहिलं आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाकली.

पहिला पत्रव्यवहार अर्थातच कंपनीशी. ग्राहकसेवेच्या फोनवर चाळीस मिनिटं सनई ऐकल्यावर एका मुलीने अत्यंत गोड हिंदीत विचारलं की आपण घड्याळ किती वापरता. "सर्वसाधारण," भाऊसाहेब म्हणाले. मग मूळ बिल, मूळ खोकं आणि ओळखपत्र घेऊन कोल्हापूरला जावं, तिथे घड्याळ कामकाजाचे आठ दिवस ठेवून तपासतील, असं तिने सांगितलं. आठ दिवस घड्याळ कोल्हापुरात म्हणजे सृष्टीच्या फोनवर वडील आठ दिवस बंद. शिवाय ठावठिकाणा कोल्हापूर. भाऊसाहेबांनी 'तूर्त दप्तरी दाखल' असा शेरा मारून ते प्रकरण मिटवलं.

मग लवू पुढे सरसावला. लवू त्यांचा शाळेपासूनचा मित्र, एसटीत ड्रायव्हर होता. तीस वर्षं फोंडाघाटातून गाडी वर-खाली केल्यामुळे यंत्र म्हटलं की आपला शब्द शेवटचा, असं तो धरून चाले. "मासो फ्रीजात टिकता, दूध फ्रीजात टिकता. मगे बॅटरी कशी टिकाची नाय?" तो म्हणाला. "बॅटरी तापता म्हणान उतरता. दुपारी आडवो होतस तेव्हा दोन तास फ्रीजात ठेव आणि बघ."

हे भाऊसाहेबांना पटलं, ह्याचं कारण लवूचं शास्त्र नव्हे. दुपारच्या झोपेत घड्याळाचं काय होतं ते सृष्टी कचेरीच्या गडबडीत बघणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी घड्याळ फ्रीजमध्ये बांगडे ठेवलेल्या डब्याशेजारी ठेवलं आणि समाधानाने डोळे मिटले. सव्वातीनला फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही? तुमच्या अंगाचं तापमान सहा दाखवतंय."

"जरा थंडी पडली हा," भाऊसाहेब म्हणाले. बाहेर ऊन असं होतं की कोंबड्या चुलीमागच्या सावलीत जाऊन बसल्या होत्या.

"आणि ठोके सापडत नाहीत म्हणतंय."

भाऊसाहेब फोन कानाला लावून धावत स्वयंपाकघरात गेले, बर्फासारखं घड्याळ मनगटावर चढवलं आणि हुश्श केलं. आता ठोके सापडले. एकशे अठरा. हा आकडा बघून सृष्टीने जे काय विचारलं त्याची उत्तरं देता देता सहा वाजले आणि त्या दिवशीचा साकवही बुडाला. पुढचे दोन दिवस त्यांच्या मनगटाला बांगड्याचा असा वास येत होता की शेजारचं मांजर अंगणातून हलेना.

मांजर आनंदीबाईंचं. मांजर का हलत नाही हे बघायला आनंदीबाई आल्या आणि त्यांना सगळी हकिगत कळली. आनंदीबाईंना एखादी गोष्ट कळणं म्हणजे तिला गावात वाटा मोकळ्या होणं. त्यांचं निदान स्पष्ट होतं. "वस्तू नवी आसा. सगळ्यांनी हातात घेवन बघितली. नजर लागतली नाय तर काय होतला?" त्यांनी पट्ट्याला काळा दोरा बांधला. त्याने बॅटरी वाढली नाही, पण पट्टा घट्ट झाला आणि घड्याळाने भाऊसाहेबांना 'तुम्ही तणावात आहात का' असं विचारायला सुरुवात केली.

ह्या सगळ्यात त्यांच्या पत्नीने, नर्मदाबाईंनी, एका शब्दाने भाग घेतला नव्हता. आता त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "तुमी मालवणाक जावन दुकानदाराक कित्याक विचारणा नाय?" बायको इतकी सरळ गोष्ट बोलली की भाऊसाहेबांना ती आपल्याच मनात होती असं वाटायला लागे. ते मालवणला गेले.

बाजारपेठेत विनीतचं मोबाइलचं दुकान आहे. विनीतने घड्याळ आपल्या कॉम्प्युटरला लावलं, एक आलेख उघडला आणि कॉम्प्युटर भाऊसाहेबांकडे वळवला.

"भाऊसाहेब, बॅटरीक काय झालेला नाय. मनगट वर इला की ह्येची स्क्रीन पेटता. माणसान वेळ बघूक हात उचललो असा ता समजता. साध्या माणसाची दिवसाक शंभर-दीडशे वेळा पेटता."

"माझी?"

"काल अकराशे चाळीस."

भाऊसाहेबांना आधी हे खोटं वाटलं. ते विनीतला आपण किती शांतपणे जगतो हे सांगू लागले, आणि त्या चार वाक्यांत स्क्रीन नऊ वेळा पेटली. माणूस बोलतो तोंडाने, पण भाऊसाहेबांच्या बोलण्यात पाइप, बांध, रस्ता, मंत्री, सगळं हवेत काढून दाखवावं लागे, आणि हे कंत्राट डाव्या हाताकडे होतं. उजव्या हातात कचेरीत कायम पेन असे, म्हणून सवय ती तशीच राहिलेली.

"मगे ता बंद करून टाक," ते म्हणाले.

पण ते बंद करायला सहा आकडी कोड लागत होता, आणि कोड सृष्टीकडे. पहिल्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी बटणं दाबता दाबता स्वतःचा ठावठिकाणा पुसून टाकला होता, तेव्हापासून तिने घड्याळाला लहान मुलांचं कुलूप घातलं होतं. कोड मागायचा म्हणजे बॅटरी पुरत नाही हे कबूल करायचं. म्हणजे तिसऱ्या खेपेची भीती वाटते हे कबूल करायचं. एके काळी ज्या माणसाच्या टेबलासमोर सरपंच चप्पल काढून उभे राहत त्याने पोटच्या पोरीकडे सहा आकड्यांसाठी हात पसरायचा, हे त्यांच्याने होईना.

"तर मगे हात हलवू नका," विनीत म्हणाला. त्याने हे सहज म्हटलं होतं. घरी जाताना एसटीत भाऊसाहेबांनी तो सल्ला मनाशी पक्का केला.

दुसऱ्या दिवशी नऊपासून त्यांनी डावा हात शरीराशी सरळ सोडला आणि पँटच्या शिवणीला अंगठा चिकटवून ठेवला. पहिले दोन तास फार कठीण गेले. हात नाही म्हटल्यावर शब्द सापडेनात. नर्मदाबाईंना गॅस संपल्याचं सांगायला त्यांना तीनदा सुरुवात करावी लागली. "गप रवल्यात तरी चालतला," त्या म्हणाल्या. पण संध्याकाळी पाचला घड्याळात एकसष्ट टक्के होते. एकसष्ट. भाऊसाहेब सात वाजेपर्यंत साकवावर बसले आणि लवूच्या प्रत्येक मुद्द्यावर फक्त मान हलवून आले. लवूला ते विचित्र वाटलं, पण युक्ती फुटली तर ती आनंदीबाईंमार्फत ठाण्याला पोचेल म्हणून भाऊसाहेबांनी त्यालाही काही सांगितलं नाही. त्यांचं सगळं शेण झालं ते ह्या एका गुप्ततेमुळे.

कारण तिसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं. नोव्हेंबर चालू होता, आणि नोव्हेंबरात प्रत्येक पेन्शनराने आपण जिवंत आहोत असा दाखला बँकेला द्यायचा असतो. मनगटावर दर मिनिटाला ठोके मोजणारं यंत्र असताना कागदावर हयात असल्याची सही करावी लागावी, यावर भाऊसाहेबांकडे एक चांगलं भाषण तयार होतं. पण त्याला हात लागले असते म्हणून त्यांनी ते केलं नाही. खिडकीत गावचीच दिव्या होती, लवूची सून.

"काका, उजवा अंगठा मशीनवर ठेवा," ती कचेरीच्या मराठीत म्हणाली.

उजवा अंगठा उमटेना. बत्तीस वर्षं शिक्क्यांनी आणि शाईने त्याच्या रेषा गेल्या होत्या. चार वेळा पुसून झाला. मागे रांग वाढली.

"डावा द्या मग."

इथे भाऊसाहेब अडले. हात खिडकीपर्यंत उचलून मनगट वळवलं की स्क्रीन पेटणार. एकदा पेटली असती तर काय बिघडत होतं, असं तुम्ही-आम्ही म्हणू, पण नेम धरलेल्या माणसाला तसं वाटत नाही. त्यांनी उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट धरलं, हात अलगद, एकाच पातळीत वर आणला, मशीनवर ठेवला, अंगठा उमटल्यावर पुन्हा उजव्या हाताने तसाच खाली नेऊन शिवणीला लावून ठेवला.

मागची रांग पुढे झुकली. दिव्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मॅनेजर स्वतः उठून आले आणि त्यांनी खुर्ची दिली. "कधीपासून?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काही नाही, असंच," भाऊसाहेब म्हणाले. रांगेत पंधरा माणसं कान देऊन असताना मी लेकीला भितो असं सांगण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटलं. पण असंच म्हणणारा माणूस फार सोसतोय असाच लोकांचा समज होतो. "पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका," मॅनेजर म्हणाले, "आमचा माणूस घरी येईल."

भाऊसाहेब बाहेर पडेपर्यंत हात लुळा पडल्याची बातमी रस्त्यावर त्यांची वाट बघत होती. एसटीत दोन बायका उठून उभ्या राहिल्या. मासळीबाजारात नेहमीच्या मासेवालीने न विचारता बांगडे साफ करून दिले, वर दोन जास्त घातले आणि पिशवी त्यांच्या उजव्या हातात अडकवली. घरी आनंदीबाई आधीच ओट्यावर. त्यांच्या हातात फोंडाघाटाच्या एका वैद्याचं तेल होतं. त्याचा वास आला तेव्हा त्यांचं मांजरसुद्धा निघून गेलं. भाऊसाहेब पोटतिडकीने म्हणाले की हाताला काही झालेलं नाही. म्हणाले, पण हात हलवला नाही. घड्याळात पंचावन्न टक्के होते आणि साकव अजून व्हायचा होता.

"असाच म्हणतत सगळे सुरवातीक," आनंदीबाई नर्मदाबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या.

लवू संध्याकाळी साकवावर आला तो फुगलेला. सुनेकडून कळावं ह्याचं त्याला वाईट वाटलं होतं. पन्नास वर्षांची मैत्री आणि आपल्याला शब्द नाही. तो ओढ्याकडे तोंड करूनच म्हणाला, "फाल्या दुपारी देवळात ये. नाय म्हणू नको." भाऊसाहेब नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रवळनाथाच्या देवळात पोचल्यावर त्यांना कळलं की अर्धा गाव जमला आहे आणि नारळ त्यांच्या नावाचा आहे. पळायला वाट नव्हती. पुढे देवाचे मानकरी गावकर उभे राहिले, मागे मंडळी, मध्ये भाऊसाहेब, आणि गाऱ्हाणं सुरू झालं. देवाकडे घातलेलं गाऱ्हाणं मध्येच थांबवायची आमच्याकडे रीत नाही. ज्याच्यासाठी घातलं त्यानेही प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा असतो.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," गावकरांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

"आज जो काय ह्यो तुझो लेकरू दत्तप्रसाद तुझ्या पायाकडे इलो आसा, तेच्या डाव्या हातार जी काय पीडा इली, ती कोणाच्या नजरेची असांदे, वाऱ्याची असांदे, ती भायल्या भायर काढून टाक म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," भाऊसाहेबही म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"तेनी कचेरीत असताना कोणाचो दाखलो अडवलो असात, कोणाक एका कागदासाठी चार हेलपाटे घालूक लावले असतीत, तर ता चुकला-माकला पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळचा होकार आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा होता, आणि मागून कोणीतरी तो दोनदा दिला. भाऊसाहेबांचे कान तापले. वळून बघावं असं फार वाटत होतं, पण देवाकडे पाठ कशी करणार.

आणि शेवटी गावकर म्हणाले, "तेका पयल्यासारखो दोनय हातांनी तुझ्यासमोर उभो कर म्हाराजा," आणि सगळ्यांनी हात जोडले. भाऊसाहेबांनीही जोडले. बासष्ट वर्षांची सवय. देवासमोर हात जोडताना कोणी टक्के बघत नाही. दोन्ही हात सरळ कपाळापर्यंत गेले आणि तिथे डाव्या मनगटावर हिरवा उजेड पडला.

आधी आनंदीबाईंनी बघितलं. त्या मटकन खालीच बसल्या. मग लवूने बघितलं आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. गावकर स्वतः दोन पावलं मागे सरले. इतक्या वर्षांच्या गाऱ्हाण्यांत देवाने जागच्या जागी कौल दिल्याचं त्यांनाही आठवत नव्हतं. पुढचे दोन तास भाऊसाहेब देवळाच्या सभामंडपात उभे होते आणि प्रत्येक जण येऊन त्यांचा हात हातात घेत होता. "वर कर बघू." "आता खाली." "मूठ वळ." "माझ्या आवशीक दाखवूक परत एकदा कर." प्रत्येक वेळी स्क्रीन पेटत होती. खरं सांगायला त्यांनी चारदा तोंड उघडलं, पण लवूच्या तोंडाकडे बघून ते चारदा मिटलं. पेढे वाटले गेले. ढोल आला. चार वाजून वीस मिनिटांनी, कोणाची तरी आई हात वरून खाली करवून बघत असताना, घड्याळ शेवटचं थरथरलं आणि काळं झालं.

तिसरी खेप.

भाऊसाहेब ढोलाच्या पुढून तडक घराकडे निघाले. त्यांनी घरी येऊन घड्याळ चार्जिंगला लावलं खरं, पण उपयोग नव्हता. देवळातला व्हिडिओ तोवर गावच्या ग्रुपवरून ठाण्याला पोचला होता. सृष्टीचा आईला फोन आला. नर्मदाबाईंनी खरं ते सांगितलं, "काय एक झालेला नाय, बापूस तुझो खुळावलो आसा." पण सुपारीच्या बागेच्या वेळीही आई 'काय एक झालेला नाय' हेच म्हणाली होती. सृष्टी मिळेल त्या गाडीने निघाली.

सकाळी ती कुडाळला उतरून रिक्षाने आली. हातात दोन मोठ्या बॅगा होत्या आणि त्या रिकाम्या होत्या. भाऊसाहेब पायरीवर उभे होते.

"दोन्ही हात वर करा."

त्यांनी केले.

"हसून दाखवा."

हे मात्र त्यांना जमलं नाही. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. फ्रीज, काळा दोरा, अकराशे चाळीस, बँक, गाऱ्हाणं, काही म्हणून लपवलं नाही. कचेरीत एखादा कारकून पकडला गेल्यावर जसा बोलत असे तसे ते बोलत होते, हे त्यांचं त्यांनाच जाणवत होतं. नर्मदाबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. सृष्टी हसली नाही. तिने फोन काढला.

"परवा बँकेतून दिव्याचा फोन, अकरा वाजून चाळीस मिनिटं. पंचेचाळीसला लवूकाका. मग तो एसटीचा कंडक्टर. मासेवालीला माझा नंबर कोणी दिला, बाबा? आनंदीबाईंचे तर सहा. रात्रीपर्यंत त्रेचाळीस फोन आले. आणि ह्या घड्याळाने दिवसभरात मला काय कळवलं माहितेय? आज सर्व काही ठीक. त्याच्यावर विसंबून मी एक दिवस थांबले." तिने फोन खाली ठेवला. "तुमचा एक हात अर्धा दिवस हलला नाही, तर त्रेचाळीस लोकांनी कामं टाकून मला शोधून काढलं."

"सगळी चुकीची खबर," भाऊसाहेब पुटपुटले.

"असू दे चुकीची." मग ती एकदम मालवणीत बोलायला लागली, लहानपणी रडू आलं की बोलायची तशी. "दिवाळीआधी माका चार दिवस ताप होतो. उठूकसुद्धा गावत नाय होता. तुमका सांगूक नाय, तुमी घाबरतलात म्हणान. दाराभायर चार दिवसांचे पेपर पडान होते. पाचव्या दिवशी बेल वाजली. वॉचमन. म्हणता, मॅडम, गाडी जरा हलवा, खाली रंगकाम चाललंय."

आतलं हसणं थांबलं होतं. नर्मदाबाई दारात येऊन उभ्या होत्या. महिनाभर आपण बॅटरी, टक्के आणि साकव घेऊन बसलो होतो, आणि तिकडे पोर चार दिवस एकटी पडून होती, ते आपल्याला कळलं नाही, ह्याची भाऊसाहेबांना भयंकर लाज वाटली. सृष्टीने नाक पुसलं.

"तुम्हाला तिकडे नेऊन कोणाच्या भरवशावर ठेवू मी?" ती म्हणाली. "राहा इथेच."

हे वाक्य ऐकायला भाऊसाहेबांनी काय काय केलं होतं. पण आता त्याचा आनंद होईना. ते उठले, त्यांनी चार्जिंगवरचं घड्याळ काढून आणलं, काळा दोरा तसाच ठेवला आणि घड्याळ सृष्टीच्या डाव्या मनगटाला बांधलं. ती नको म्हणाली, तेव्हा त्यांनी जुन्या कचेरीतल्या आवाजात सांगितलं की सबब चालणार नाही. दुपारी विनीतने दुकानात बसून ते सगळं उलटं जोडून दिलं. तिचे ठोके, तिची झोप, तिची पावलं आता भाऊसाहेबांच्या फोनवर दिसणार. दोन दिवसांनी सृष्टी गेली. रिकाम्या आणलेल्या बॅगा कोकमाची सोलं, कुळथाचं पीठ आणि नारळ भरून इतक्या जड झाल्या की लवूला स्टेशनापर्यंत जावं लागलं.

पुढच्याच बुधवारी भाऊसाहेब साकवावर दोन्ही हातांनी बोलत बसलेले असताना त्यांच्या फोनवर सृष्टीच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला. "घड्याळ बंद!" ते ओरडले. भाऊसाहेबांनी चष्मा शोधून नंबर लावेपर्यंत तिचा फोन व्यग्र लागत होता, कारण लवू लावत होता. पलीकडे गवताचा भारा खाली टाकून आनंदीबाई लावत होत्या. गावच्या ग्रुपवर कळताच बँकेतून दिव्याने लावला. सव्वासहाला सृष्टीचाच फोन आला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये होते. बॅटरी संपली, बाकी काही नाही. सव्वीस मिस्ड कॉल आहेत."

"बरां," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. सगळे पुढे सरकले. "दुपारी जेवलंस मा?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नाही, बाबा, राहिलं आज." आणि तेवढ्यात आनंदीबाईंनी फोन ओढून घेतला.